वाघोबाचं अंगण

'हिरडा – नवी रोपं' या रकान्यात शैलजाबाई किणीकरांनी शून्य लिहिलं आणि वही मांडीवर ठेवून त्या तशाच बसून राहिल्या. एकोणीस वर्षं त्या हेच शून्य लिहीत होत्या. पहिली काही वर्षं ते लिहिताना जीव हळहळायचा, मग काळजी वाटायला लागली, मग राग यायला लागला. आता नुसता हात हलत होता. शून्य काढायला फारसे कष्ट पडत नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

सातकड्याच्या पठारावरचं हे रान चाळीस हेक्टरांचं. घाटमाथ्यावर, दोन्ही अंगांना सरळ तुटलेले कडे, आणि मधोमध हिरड्याची थोरली झाडं, कुणी दीडशे वर्षांचं, कुणी दोनशेचं. त्यांच्याखाली अंजनी, पिसा आणि जांभळाची अशी गर्दी, की भर दुपारी खाली दिवेलागण झाल्यासारखं वाटावं. सहलीला आलेले लोक माना वर करून तोंडभर कौतुक करत. शैलजाबाई मात्र तेहेतीस वर्षं खाली बघत आल्या होत्या, आणि खाली आता हिरड्याचं एकही कोवळं पोर नव्हतं. फळं ढिगानं पडत, भेकरं ती खाऊन बिया लांब नेऊन टाकत, पावसात काही रुजतही. पण दोन पानांवर आलेलं रोप पुढचा पाऊस काही बघत नसे. अंजनी आणि पिसा सावलीत वाढतात, त्यांचं बरं चाललं होतं. हिरड्याचं मात्र म्हाताऱ्यांचं गाव झालं होतं. एकेक जण जाणार आणि मागे दिवा लावायला कुणी नाही.

या दिवाळीला शैलजाबाई निवृत्त होणार होत्या. त्याआधी एकच काम उरलं होतं. या रानाला 'अस्पर्श वन' घोषित करायचं असं वर ठरलं होतं. म्हणजे कायमचं कुंपण, आत माणसाचा पाय नाही, झाडाच्या फांदीला हात नाही, पुढची शंभर वर्षं नियमात बदल नाही. त्यासाठी एक शिफारस-अहवाल लागत होता आणि तो शैलजाबाईंनीच द्यायचा होता. त्यांच्याइतकं या रानाला ओळखणारं दुसरं होतं तरी कोण? अहवाल लिहून तयार होता. सही करायची आणि पुण्याला भावाकडे जायचं. गुडघे केव्हापासून तेच म्हणत होते.

त्या संशोधन केंद्रात परतल्या तेव्हा सीमा लांघी दारातच उभी होती.

"बाई, सही केलीत?"

"चहा तरी घेऊ दे. पेन कुठे पळून जात नाही."

"मग चहाआधी एक बघा," सीमा म्हणाली. तिचा चेहरा उतरलेला होता.

सीमा सातकड्याचीच, महादेव कोळ्यांच्या घरातली. एकतीस वर्षांची. लहानपणी परकराच्या ओच्यात हिरडे घेऊन केंद्रात चित्रांची पुस्तकं बघायला यायची. पुढे ती मुंबईला गेली, मग परदेशात, आणि चार वर्षांपूर्वी एक यंत्रणा घेऊन परत आली. तिचं नाव तिनंच ठेवलं होतं, 'प्रतिवन'. केसाएवढ्या काचेच्या तारा तिनं साऱ्या रानात वीतभर खोल पुरल्या होत्या. त्यांच्यातून प्रकाशाचे ठोके सतत धावत असत. मुळानं पाणी ओढलं, फळ पडलं, भेकरानं पाय टेकला, की माती किंचित हलते, तार तेवढ्यापुरती ताणली जाते आणि परत येणाऱ्या प्रकाशात तेवढा फरक पडतो. वरून उडती यंत्रं पानापानावरचं ऊन मोजत. आणि या सगळ्याच्या तळाशी होत्या शैलजाबाईंच्या तेहेतीस वह्या, झाडागणिक घेर, उंची, फुलं, फळं, रोपं. एवढं सगळं पोटात घेऊन संगणकानं दुसरं रान उभं केलं होतं. दिसायला पडद्यावरचं, पण वागायला हुबेहूब या रानासारखं. त्यात काळ पुढे पळवता येई. मागेही नेता येई. आणि मागे नेल्यावर मधली एकच गोष्ट बदलून बघता येई, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून. खऱ्या रानात असं करायला देवाचं आयुष्य हवं.

पुढचं चित्र शैलजाबाईंना ठाऊक होतं. आणखी दीडशे वर्षांत शेवटचा हिरडा पडणार, त्याच्याबरोबर त्याच्यावर जगणारी शेकरं जाणार, आणि पठारावर अंजनीचं खुरटं, एकसुरी जाळं तेवढं उरणार. त्याचं कारण शोधायला सीमानं रान मागे नेलं होतं. तापमान जुनं ठेवून बघितलं, पाऊस जुना ठेवून बघितला, फळं गोळा करणं बंद करून बघितलं, रोग काढून टाकला. प्रत्येक वेळी उत्तर तेच, शून्य.

"हे सगळं तू मला दाखवलं होतंस," शैलजाबाई म्हणाल्या.

"एक दाखवलं नव्हतं."

सीमानं पडद्यावर बोट टेकलं. पडद्यावरचं रान तेहेतीस वर्षं मागे गेलं आणि पुन्हा पुढे चालू लागलं. सुरुवातीलाच त्यातला एक जुना हिरडा पडला. दाट छतामध्ये घरापुढच्या अंगणाएवढी मोकळी जागा झाली. त्या जागेत हिरवे ठिपके उगवले, त्यातले काही विझले, काही वर चढले. तीन वर्षांनी दुसरीकडे एक झाड पडलं, तिथेही तेच झालं. आजच्या तारखेला येऊन चित्र थांबलं तेव्हा खालच्या कोपऱ्यात आकडा होता. एक हजार एकशे बारा रोपं.

शैलजाबाईंना काय बदललंय ते विचारावं लागलं नाही. दर तीन वर्षांनी एक झाड. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या, आणि बसल्या तिथून त्यांना समोरची भिंत दिसली.

भिंतीवर काचेच्या पेटीत एक कुऱ्हाड होती. खाली पाटी: 'या रानातली शेवटची कुऱ्हाड.'

ती कुऱ्हाड चिमाजी लांघीची. चिमाजी म्हणजे सीमाचा आजा. सातकड्याला वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, वाघोबाला खीर करतात. त्यातही दर तिसऱ्या वाघबारशीला रानातला एक म्हातारा हिरडा पाडायचा. मान लांघ्यांचा. फांद्यांवर खीर शिजवायची, बुंधा मात्र कुणी घरी न्यायचा नाही, तिथेच कुजू द्यायचा. तेहेतीस वर्षांपूर्वी एकोणतीस वर्षांच्या शैलजाबाई नव्यानंच पठारावर आल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पावणेदोनशे वर्षांच्या झाडावर कुऱ्हाड उगारली गेली. पहिला घाव पडायच्या आत त्यांनी चित्रण केलं, तक्रार केली, माणसं बोलावली. झाड वाचलं. चिमाजीला धरून नेलं. कुऱ्हाड जप्त झाली. पुन्हा कधी झाड पाडलं गेलं नाही. शैलजाबाईंना पुरस्कार मिळाला, शाळांच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा आला. वाचलेल्या त्या झाडाला त्यांनी पहिला क्रमांक दिला आणि मोजणी तिथून सुरू केली.

"हे तू कधी काढलंस?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यात."

"आणि आता दसरा होऊन गेला."

"म्हटलं, तुम्ही दिवाळीला जाणार. सुखानं जाऊ देत." सीमा खाली बघत होती. "मग पुढे माझं मी बघून घेईन असं ठरवलं होतं. पण अस्पर्श वन झाल्यावर कुणालाच काही बघता येणार नाही. तुमची सही पडली की संपलं."

शैलजाबाईंना तिचा राग आला आणि त्याच क्षणी गेलाही. राग धरून ठेवायलाही जरा ताकद लागते.

"यंत्र चुकू शकतं," त्या म्हणाल्या.

"शकतं ना. म्हणून तर तुम्हाला दाखवलं. तुम्ही खोडून काढा."

सीमाच्या आवाजात खरंच आशा होती. शैलजाबाईंना ती ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी रानात गेल्या. शैलजाबाईंनी जुन्या वह्या पिशवीत घेतल्या होत्या आणि काठी हातात. सीमा पुढे चालत होती. जुनी झाडं कुठे कुठे पाडली होती ते तिला पाठ होतं, कारण आज्यानं त्या जागांची नावं तिला गोष्टीसारखी सांगितली होती. गावात त्या जागांना अंगणं म्हणत. पाण्याजवळचं अंगण, बांगड्या दगडाचं अंगण, म्हातारीचं अंगण.

पहिल्या अंगणात बुंधा कधीच मातीत मिसळून गेला होता, नुसता एक लांबट उंचवटा राहिला होता. त्याच्या अंगाअंगानं सात तरुण हिरडे उभे होते. शैलजाबाईंनी एकाचा घेर घेतला, मग दुसऱ्याचा. सगळे एका वयाचे. दुसऱ्या अंगणात पाच, तेही एका वयाचे, पण पहिल्यांपेक्षा तीन-एक वर्षांनी लहान. त्यांनी उंचवट्याजवळची माती उकरली. आत बुरशीचे पांढरे धागे नवीन मुळांना लपेटून होते. कुजलेल्या लाकडात ही बुरशी वाढते, आणि उन्हात धडपडणाऱ्या रोपाला पाणी अन् क्षार आणून देते. ऊन आणि हा बुंधा, दोन्ही एकाच जागी मिळालं तरच हिरड्याचं पोर तग धरत होतं. शेवटचं अंगण बंदीच्या तीन वर्षं आधीचं. त्याच्यावरचं छत मिटायला वेळ लागला, म्हणून सुरुवातीची वर्षं रोपं दिसत राहिली. छत मिटलं आणि शून्य सुरू झालं.

शैलजाबाईंनी पिशवीतून तिसरी वही काढली. त्यांना हवं ते पान लगेच सापडलं, कारण ते कुठे आहे ते त्यांना कालपासून आठवत होतं. तेव्हाच्या त्यांच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं, 'तरुण झाडं गटागटानं आढळतात. गटांमध्ये सुमारे तीन वर्षांचं अंतर. कारण अज्ञात.'

"कारण अज्ञात," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "गावात एका माणसाला विचारलं असतं तर."

"तुम्ही आज्याशी बोलत नव्हता."

"तो माझ्याशी बोलत नव्हता."

शैलजाबाई उंचवट्यावर बसल्या. आयुष्यभर त्यांनी उभी झाडं मोजली. पडलेल्या झाडासाठी त्यांच्या वहीत रकानाच नव्हता. एका झाडाला वाचवायच्या नादात त्यांनी हजार झाडांना जन्मच घेऊ दिला नव्हता, आणि वर ते आपलंच कसब समजून तेहेतीस वर्षं लोकांकडून हार घालून घेतले होते. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. खूप थकवा आला, एवढंच.

दुपारी त्यांनी काचेची पेटी उघडली. खिळे गंजले होते, पकडीनं उपटावे लागले. पाटी काढून त्यांनी टेबलावर पालथी ठेवली. कुऱ्हाड हातात घेतली तर वाटली होती त्यापेक्षा जड निघाली. ती पदराखाली झाकून न्यावी असं एकदा मनात आलं. मग त्यांनाच स्वतःची लाज वाटली, आणि त्या उघड्या हातात घेऊन वाडीतून चालत गेल्या. ओट्याओट्यावरचे लोक बोलायचे थांबले.

चिमाजी अंगणात घोंगडीवर हिरडे वाळत घालत होता. अठ्ठ्याहत्तरीचा, वाळलेला, पण मान ताठ. त्यानं आधी कुऱ्हाड पाहिली आणि मग बाई.

"परत कराया आलाय की पुन्यांदा धराया?" तो म्हणाला. तेहेतीस वर्षांत तो शैलजाबाईंशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"परत करायला. बाबा, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

शैलजाबाईंनी सांगितलं. यंत्राचं फारसं नाही, अंगणांचं सांगितलं. ऊन, बुंधा, सात झाडं, पाच झाडं, शून्य. सांगताना त्या उभ्याच होत्या, कारण त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. म्हातारा हिरडे पसरत ऐकत राहिला.

"म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं," शेवटी त्या म्हणाल्या.

"मला काय ठावं?" चिमाजी फटकन म्हणाला. "रान वाचवाया करत न्हवतो म्या. वाघोबाला ऊन खात बसाया अंगान लागतं, आन् बुंधा त्याची बाज, म्हनून. बापानं दावलं, म्या केलं. तुमाला बी कुनी दावलं आसंल, झाड तोडू नये. तुमी बी केलं."

शिव्या मिळाल्या असत्या तर त्यांनी मुकाट ऐकून घेतल्या असत्या, त्यासाठी मन घट्ट करूनच त्या आल्या होत्या.

"अकरा दिस ठेवला मला कोंडून," चिमाजी म्हणाला. आवाज चढला नाही. "तितं खिडकी न्हवती. घरी आलो तर बाप खाटंवर, जायाच्या वाटंवर. मला इचारतो, झाड पाडलंस का रं? म्या म्हनलो, व्हय. खोटं बोललो. तो हासला आन् गेला. त्येवढं तुमी मला परत देनार हाय का?"

"नाही देता येणार."

"न्हाईच येत." त्यानं हात पुढे केला. शैलजाबाईंनी कुऱ्हाड त्याच्या हातात दिली. त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला, दांडा हलवून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "काचंत ठिवली, पर कुनी त्येल लावलं न्हाई. दांडा पोकळ झाला. नवा घालावा लागंल." मग आत वळून हाक मारली, "सीमे, वाघबारस कवा हाय गं?"

"आकरा दिसांनी, आज्या," सीमा दारातून म्हणाली.

चिमाजी पहिल्यांदा शैलजाबाईंकडे नीट बघून हसला, पण त्या हसण्यात गोडी नव्हती.

"अकरा दिस," तो म्हणाला. "लई मोठं आसत्यात, बाई. म्या काढल्यात."

ते अकरा दिवस खरंच मोठे गेले. शैलजाबाईंनी तयार अहवाल बाजूला ठेवला आणि नवा लिहिला. 'या रानाला स्पर्शाची गरज आहे' असं त्यात पहिलंच वाक्य होतं, आणि दुसरं, 'हे मला तेहेतीस वर्षं समजलं नाही.' वरून फोन आले. एका साहेबांनी त्यांना तब्येतीची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, की शेवटच्या आठवड्यात हे काय काढलंत, तुमच्यावरचा धडा मुलं वाचतात. त्या म्हणाल्या, धडा बदला. प्रयोगासाठी एक झाड पाडायचा अधिकार केंद्राच्या प्रमुखाला, म्हणजे त्यांनाच होता. तेहेतीस वर्षं न वापरलेल्या त्या कागदावर त्यांनी सही केली.

कुठलं झाड, ते ठरायचं होतं. प्रतिवनानं तीन नावं दिली होती, जिथे ऊन सर्वांत जास्त कामी येईल अशी. सीमानं ती शैलजाबाईंच्या देखत आज्याला वाचून दाखवली.

"मागनाऱ्यानं आपलं झाड मागायचं आसतं," चिमाजी म्हणाला. "दुसऱ्याचं न्हाई. ह्यात बाईंचं कंचं?"

तिघांमध्ये पहिल्या क्रमांकाचं झाड होतं. सीमानं ते मुद्दाम शेवटी वाचलं होतं.

"एक," शैलजाबाई म्हणाल्या.

वाघबारशीच्या आदल्या दिवशी तिघं सकाळीच झाडाखाली गेली. चिमाजीला आता कुऱ्हाड पेलवणार नव्हती. उद्या घाव सीमा घालणार होती. आजपर्यंत लांघ्यांच्या घरात बाईमाणसानं कुऱ्हाड धरली नव्हती, पण चिमाजीनं तो विषय 'धरंल' या एका शब्दात संपवला होता. आजचं काम निराळं होतं. झाड पाडायच्या आदल्या दिवशी कुऱ्हाड बुंध्याला टेकवून ठेवायची आणि झाडावरच्या रहिवाशांना वर्दी द्यायची. ते झाड मागणाऱ्याचं, म्हणजे आता शैलजाबाईंचं काम.

शैलजाबाईंनी आधी टेप काढली. घेर घेतला, तीन मीटर बारा सेंटीमीटर. चौतिसाव्यांदा त्यांनी तो वहीत लिहिला. पुढे एक नवा रकाना आखला आणि त्याला नाव दिलं, 'पडलेलं'. मग त्यांनी कुऱ्हाड घेतली. नवा दांडा तेलानं चकाकत होता. ती त्यांनी बुंध्याला टेकवली आणि वर पाहिलं. उंच फांदीत शेकराचं घरटं होतं, आणि शेकरू फांदीवर पोट टेकून त्यांच्याकडे टक लावून बघत होतं.

"म्हना," चिमाजी म्हणाला.

"काय म्हणायचं?"

"ऱ्हानारांनो, उद्या ह्ये घर मोडायचंय. उठा, दुसरीकडं ऱ्हावा."

याच झाडाच्या आडोशानं शैलजाबाईंचं सबंध आयुष्य गेलं होतं. लग्न झालं नाही, गावाकडचं घर सुटलं, आई गेली तेव्हाही त्या इथेच मोजत होत्या. खोलीतलं सामान बांधून झालं होतं. परवा त्याही निघणार होत्या.

"राहणारांनो," त्या म्हणाल्या. आवाज फाटला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "राहणारांनो, उद्या हे घर मोडायचंय. उठा. दुसरीकडे राहा."

काहीच झालं नाही. शेकरू बसूनच राहिलं. चिमाजी एका मुळावर टेकला, सीमा दुसऱ्या. आता थांबायचं असतं, ती म्हणाली. दुपार कलेपर्यंत थांबायचं असतं. शैलजाबाईही बसल्या. पाठ बुंध्याला लावली. कितीतरी वर्षांत त्या या झाडाखाली काही न मोजता बसल्या नव्हत्या.

"बाबा, इथलं रोप हाताएवढं व्हायला किती वर्षं लागतील?"

"पाचेक लागत्याल. म्या न्हाई बघनार," चिमाजी म्हणाला. "तुमी यावा बघाया. पुन्याहून गाडी येतीया."

उन्हं कलली तेव्हा शेकरू उठलं. घरट्याभोवती एक फेरी मारली, शेजारच्या जांभळावर झेप घेतली आणि पानांत दिसेनासं झालं. फांदी थोडा वेळ हलत राहिली. चिमाजीनं ती थांबेपर्यंत वाट पाहिली, मग गुडघ्यावर हात देऊन उभा राहिला. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही, पुढेही कधी म्हणाला नाही.

"गेलं," तो म्हणाला. "चला बाई, आता आमच्याकडं जेवाया. आजच्या दिशी मागनाऱ्यानं एकल्यानं जेवायचं नसतं."